समक्ष

टोरांटोहून कुरियर आलं.
आत पाच पानं, हिरवी फीत, लाल लाखेचा गोळा,
त्यावर तीन सिंह.
चौथा नेहमीसारखा पाठमोरा.

कोठीतले हर्षदभाई चष्मा वर करून म्हणाले,
बेन, कागळ एकदम पाको.
तीन महिन्यांत स्टॅम्प भरा,
की दांडिया बाजारचा फ्लॅट विकायला तुम्ही मोकळ्या.

याच आवारात, मागच्या दफ्तरात,
चौतीस वर्षं मी मोडी वाचली.
दरबाराच्या वकिलांची पत्रं,
पुण्याहून, हैदराबादेहून, कुठकुठल्या छावण्यांतून.
तेव्हाचा वकील परमुलखातला धन्याचा डोळा आणि कान.
तहाची कलमं लिहायचाच,
पण आधी लिहायचा:
नवाबसाहेबांस तीन दिवस शीतज्वर,
रात्रौ पेज घेतली, आज श्मश्रू केली.
एकाने तर पानभर लिहिलं होतं
की बोलता बोलता ते खिडकीकडे का बघतात.

आणि हा आजचा.
पान चौथं, तळाशी, निळ्या शाईत:
श्री. रणजित वसंत दिघे यांनी माझ्या समक्ष सही केली.
टी. लालरेमसांगा, उपवाणिज्यदूत.
खाली बारीक रबरी शिक्का,
मजकुराची जबाबदारी या कार्यालयाची नाही.

बास.

समक्ष. म्हणजे डोळ्यांपुढे.
अकरा वर्षांत रणू माझ्या डोळ्यांपुढे आलेला नाही.
आईला नेलं त्या दिवशीही
फोनमध्ये नुसता त्याचा श्वास होता.
आणि मिझोरामच्या कुठल्या डोंगरातून निघून
तिथवर पोचलेला हा माणूस
त्याला फोटोशी ताडून बघतो
आणि म्हणतो, हो, हाच.

लालरेमसांगासाहेब,
तो जाड झालाय का हो?
पेन स्वतःचं आणलं होतं, की तुमचं मागितलं?
‘सख्खी बहीण’ या दोन शब्दांवर
थांबला का जरा?

तुमचं काम नाही हे, कळतं मला.
त्याच्या मागे रांग असणार,
कुणाचा पासपोर्ट हरवलेला, कुणाचा बाप तिकडे वारलेला,
कुणी म्हातारी पेन्शनसाठी
आपण जिवंत असल्याचा कागद मागत बसलेली.
तुम्ही तिथे काचेमागचा देश.
देशाने कुणाच्या घरातली भांडणं वाचत बसू नये.
तुम्ही वाचली नाहीत.
सही बघितलीत, चेहरा बघितलात, शिक्का मारलात.

रात्री भिंग काढलं.
पुसट मोडीसाठी घेतलेलं, सवय जात नाही.
सहीशेजारी डाव्या अंगठ्याचा ठसा.
वर्तुळात वर्तुळं,
आणि सगळ्यांना कापत गेलेली
एक तिरकी पांढरी रेघ.

उत्तरायण, सत्त्याऐंशी सालचं.
आमची गच्ची, थाळीत चिक्की, सुरसागरापर्यंत नुसते पतंग.
फिरकी माझ्या हातात.
तो ओरडला, ढील दे,
आणि मी दोन्ही हातांनी फिरकी आवळून धरली.
का, ते मलाही सांगता येणार नाही.
मांजा अंगठ्यात हाडापर्यंत गेला.
आईने विचारलं तेव्हा म्हणाला,
पत्र्याने कापलं.
पुढेही कधी बोलला नाही,
फ्लॅटवरून आम्ही एकमेकांना
नको नको ते बोललो, तेव्हासुद्धा.

तर मजकूर पोचला, साहेब.
तुमच्या नकळत, हिरव्या फितीत बांधून.
जबाबदारी तुमची नव्हतीच.

स्टॅम्पला अजून एकाहत्तर दिवस आहेत.
तिकडे आता दुपार असेल.

जुन्या पत्रांत शेवटी एक छोटा शिक्का असे,
लेखनसीमा.
त्याच्यापुढे कुणी एक अक्षर वाढवायचं नाही.
लाखेच्या गोळ्यावर मी बोट ठेवते, गार लागतो.
त्याच्या खाली
दोन बोटं कागद कोरा आहे.